उन्हाळ्याअखेर उघडी पडणारी नर्मदेची वाट

जबलपूर शहरातील राइट टाउन या जुन्या वसाहतीपासून नर्मदेचा ग्वारीघाट फार दूर नाही. घाटावर नदीकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला पूर्वेकडे, प्रवाहाच्या उलट दिशेने मंडल्याचा मुलूख लागतो. राइट टाउनचे रहिवासी, चित्रकार अमृतलाल वेगड यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये नर्मदेकाठची आपली पहिली पदयात्रा जबलपूर ते मंडला अशी केली. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू झालेली ही चाल पुढे अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी चालू राहिली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या या कलावंताने काठावरची माणसे रेखाटनांत आणि कोलाजचित्रांत टिपली, त्यांच्याविषयी हिंदी व गुजरातीतून लिहिले आणि २००४ मध्ये गुजरातीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. ६ जुलै २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या पहिल्या यात्रेतील वाटेचा बराच भाग आज पाण्याखाली आहे. मात्र तो बारा महिने सारखाच बुडालेला नसतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात, पहिल्या पावसापूर्वी, त्यातील काही भाग पुन्हा उघडा पडतो आणि थोडे दिवस तेथे माणसाला चालता येते.

याचे कारण बरगी धरण. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या साखळीतील हे पहिले पूर्ण झालेले धरण. त्याचे काम १९७४ मध्ये सुरू झाले, म्हणजे वेगड चालत होते तेव्हा बांधकाम चालूच होते. १९९० मध्ये ते पूर्ण झाले. १८५७च्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या रामगढच्या राणीच्या नावावरून त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव देण्यात आले. धरणाची उंची सुमारे ७० मीटर आणि लांबी पाच किलोमीटरहून अधिक आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्यामुळे बाधित झाली. यांतील बहुसंख्य कुटुंबे गोंड आदिवासींची आणि अल्पभूधारकांची होती.

काठ सरकतो कसा?

जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४२२.७६ मीटरवर असते. पावसाळा संपल्यावर कालव्यांतून सिंचनासाठी आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते, उन्हाने बाष्पीभवन होते आणि पातळी उतरत जाते. पाणी वापरण्याची किमान पातळी ४०३.५५ मीटर ठरवलेली आहे. दोहोंतील अंतर सुमारे १९ मीटरचे. कड्यासारख्या उभ्या काठावर १९ मीटर म्हणजे फक्त ओल्या खडकाचा एक पट्टा. परंतु जमीन सौम्य उताराची असेल, समजा शंभर मीटर चालल्यावर एक मीटर चढ येत असेल, तर पातळी एक मीटरने उतरताच पाण्याची कड शंभर मीटर मागे जाते. जलाशयाच्या सपाट भागात उन्हाळ्याअखेर दिसणारे विस्तीर्ण मोकळे मैदान हे असे तयार होते.

हिंदीत या जमिनीला सरसकट ‘डूब की जमीन’ म्हणतात. भाषांतर करताना ‘बुडीत क्षेत्र’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो अपुरा आहे. पाणी ओसरल्यावर जिच्यात पेरणी होते अशा जमिनीला मराठीत ‘गाळपेर’ हा नेमका शब्द आहे आणि उजनी किंवा जायकवाडीच्या काठचा शेतकरी तो रोज वापरतो. बरगीच्या विस्थापितांनीही पाणी मागे सरेल तसे गहू व हरभरा पेरून या जमिनीचा आधार घेतला. रब्बीची पेरणी साधण्याइतक्या लवकर पातळी उतरवावी, ही त्यांची जुनी मागणी आहे. जी जमीन कधी स्वतःच्या मालकीची होती, तीच वर्षातील काही महिन्यांसाठी सरकारकडून मागून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच मे महिन्यात येथे काठाने चालणाऱ्याला जे दिसते, त्याला निर्जन निसर्ग म्हणता येत नाही. पायाखाली भेगाळलेला गाळ आणि कापलेल्या पिकाची धसकटे असतात. पाण्याच्या कडेला होड्या ओढून ठेवलेल्या असतात. १९९०च्या दशकात विस्थापितांच्या सहकारी संघाने जलाशयातील मासेमारीचा हक्क लढून मिळवला होता. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ असल्याने मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधीचे दिवस धावपळीचे.

काठ सोडून वर चढले की जंगल सुरू होते. जबलपूरच्या बाजूला सागवान अधिक, मंडल्याकडे जावे तसा साल वाढतो. उन्हाळ्याअखेर सागाच्या फांद्या जवळजवळ उघड्या असतात, साल मात्र हिरवा. मोहाची फुले वेचण्याचे दिवस सरलेले असतात, तेंदूपत्त्याचे दिवस चालू असतात आणि पहाटेच पाने तोडून पुडे बांधणारी कुटुंबे वाटेवर भेटतात. बहाव्याचे पिवळे झुबके सोडले तर रंग असा फारसा नाही. दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा चालणे पहाटे आणि संध्याकाळीच.

परिक्रमेचा नियम आणि धरण

नर्मदा परिक्रमा मराठी वाचकाला अपरिचित नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत तिने मराठीत स्वतःचे दालनच निर्माण केले आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते व नागपूर ही राजधानी होती. जबलपूरच्या मराठी कुटुंबांना तर हा काठ घरचाच.

परिक्रमेचा मूळ नियम साधा आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. उपनद्या ओलांडण्यास हरकत नसते. धरणाने येथेच पेच निर्माण केला. जलाशयाचे पाणी लहान नद्या-नाल्यांच्या मुखांतून आत दूरवर शिरते. अशा ठिकाणी होडीने पलीकडे जाणे म्हणजे नाला ओलांडणे की नर्मदा ओलांडणे? कर्मठ परिक्रमावासी त्या फाट्याला वळसा घालून जातो. बाकीचे बहुतेक जण काठ सोडून जबलपूर-मंडला महामार्ग धरतात, तेथे नदी दिसतच नाही.

हा प्रश्न बरगीपुरता नाही. इंदिरा सागर धरणासाठी २००४ मध्ये हरसूद हे अख्खे शहर रिकामे करण्यात आले. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याची ३३ गावे बाधित झाली आणि परिक्रमेतील सर्वांत खडतर मानली जाणारी शूलपाणीच्या झाडीतील काठावरची वाटही गेली. २०१९ मध्ये ते धरण प्रथमच पूर्ण क्षमतेने, १३८.६८ मीटरपर्यंत भरले. इकडे बरगीच्या काठावरच मंडला जिल्ह्यातील चुटका येथे अणुवीज प्रकल्प प्रस्तावित आहे. एकदा उठलेल्या कुटुंबांना पुन्हा उठावे लागेल, म्हणून स्थानिकांनी त्याला विरोध केला आहे.

बरगीच्या संदर्भात एक गोष्ट नकाशावरून लक्षात येत नाही, ती दिनदर्शिकेवरून येते. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला की परिक्रमावासी मिळेल त्या आश्रमात किंवा धर्मशाळेत मुक्काम करतात आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा निघतात. धरणाचे वर्ष नेमके उलट चालते. जुलैपासून पाणी चढू लागते, ऑगस्टमध्ये बहुधा दरवाजे उघडावे लागतात आणि पावसाळ्याअखेर जलाशय काठोकाठ भरलेला असतो. म्हणजे चालणारा कार्तिकात काठी उचलतो तेव्हा जुनी वाट सर्वांत खोल असते. वेगड निघाले तो ऑक्टोबर महिना तर आता या टापूत भरल्या पाण्याचा. ती वाट वर येते मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यांत, जेव्हा बहुतेक परिक्रमावासी चातुर्मासासाठी जागा शोधू लागलेले असतात. तेव्हा तिच्यावर जाळी खांद्यावर टाकलेले मासेमार आणि पाण्याकडे निघालेली गुरे एवढीच वर्दळ असते.