डब्यावरचा आकडा आणि नळीचा ताप

माझा भाचा रत्नागिरीला असतो. त्याच्याकडे जुनी मारुती एस्टीम आहे. मागे त्यानं तिचं हेडर रंगवून आणलं. काळंभोर, गुळगुळीत, अगदी नव्या फ्रीजसारखं. पहिल्याच रविवारी गाडी आंबा घाट चढायला लागली आणि बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. उघडून पाहिलं, तर तो सुंदर काळा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगून सुटत होता. लोखंडी कपाटांना, खिडकीच्या ग्रिलना मारतात ती पावडर कोटिंग होती. ती भट्टीत पक्की करतात १८० ते २०० अंशांना. ज्यानं मारली त्यानं फसवलं असंही नाही. भाच्यानं त्याला “काळं करून द्या” एवढंच सांगितलं होतं.

“मामू, पैसे गेले ते गेले. आता काय लावू ते सांगा.”

मी बी.ए. झालेला कविता लिहिणारा माणूस, काय सांगणार? पण त्या निमित्तानं चार गॅरेजांच्या बाकड्यांवर बसलो, थोडं वाचलं. ते तुमच्यासमोर ठेवतो.

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. जुन्या गाड्यांत तो बहुधा बीडाच्या जाड मॅनिफोल्डमध्ये येतो. हौशी मंडळी ते काढून पातळ नळ्यांचा जोड बसवतात. प्रत्येक सिलिंडरला एक नळी आणि पुढे सगळ्या एकत्र मिळतात. हे हेडर. (२०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत हा उद्योग करू नये. तिथं धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनला चिकटूनच असतो.) जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनच्या तोंडाशी वायू ८०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. नळीचा पत्रा त्याहून कमी तापतो, तरी घाटात पाच-सहाशे अंशांपर्यंत सहज पोहोचतो. दोनशेला पक्की होणारी पावडर तिथं काय टिकणार?

आपल्या आया-आज्यांना हे चांगलं ठाऊक होतं. कल्हई केलेलं पातेलं रिकामं चुलीवर राहिलं, की ओरडा बसायचा. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. लेप वाईट नव्हता, त्याला झेपेल त्याहून जास्त आच लागली होती.

मग दुकानात जाऊन डब्यावरचा आकडा पाहावा, हे ओघानंच आलं. इथं दुसरी फसगत होते. बाहेरून येणाऱ्या पुष्कळ स्प्रे-डब्यांवर १२०० किंवा २००० असं ठळक छापलेलं असतं. आपण समजतो सेल्सिअस. ते असतं फॅरनहाइट. १२०० फॅरनहाइट म्हणजे साधारण ६५० सेल्सिअस आणि २००० म्हणजे १०९० च्या आसपास. शिवाय हा आकडा बहुतेकदा थोडा वेळ सोसण्याचा असतो, तासन्‌तास सोसण्याचा वेगळा आणि कमी. तो बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

सर्वांत स्वस्त आणि सोयीचा पर्याय म्हणजे सिलिकॉनच्या राळेतला ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग. साध्या ऑइल पेंटमधली राळ तापली की जळून कोळसा होते. सिलिकॉनच्या राळेचाही काही भाग जळतो, पण मागे सिलिका उरते आणि ती ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांना धरून ठेवते. म्हणून हा रंग हवेत नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला ताप द्यावा लागतो. इंजिन थोडा वेळ चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग जरा जास्त वेळ, पुन्हा थंड. थर पातळच हवा, जाड मारला की फुगतो. खाली सवयीनं रेड ऑक्साइड मारू नये, तोच आधी जळतो आणि वरच्याला घेऊन पडतो. जस्ताचा मुलामाही नको, जस्त ४१९ अंशांना वितळतं.

मात्र हा रंग गंज थांबवतो, उष्णता अडवत नाही. बॉनेटखालचा ताप कमी करायचा असेल तर सिरॅमिक. हा शब्द हल्ली गाड्या चमकवणाऱ्या दुकानांनीही उचललाय. ते बाहेरच्या रंगावर पुसायचं द्रावण वेगळं, त्याचा इथं काही उपयोग नाही. हेडरचं सिरॅमिक फवारून भट्टीत भाजतात. त्याहून भारी म्हणजे झिर्कोनियाचा प्लाझ्मानं फवारलेला थर. जेट इंजिनच्या पात्यांवर असतो तोच प्रकार.

इथं एक प्रश्न विचारायलाच हवा, जो बहुतेक जण विचारत नाहीत: लेप आतून की नुसता बाहेरून? बाहेरूनच दिला, तर नळी उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणजे पत्रा उलट जास्त तापतो. आतूनही दिला, तर वायूचा ताप पत्र्यापर्यंतच कमी पोहोचतो. काचधाग्याची पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे, तिचंही तेच. वर आपला कोकणचा पाऊस. पट्टी पाणी धरून ठेवते आणि आतला साधा पोलादी पत्रा गुपचूप गंजत राहतो. तेल झिरपलं तर पेट घेण्याची भीती निराळी. शर्यतीच्या गाडीला ती चालेल, आपल्या किनाऱ्यावर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

भाच्यानं हेडर कोल्हापूरला उद्यमनगरात सँडब्लास्टिंगला नेलं. जुनी पावडर आणि गंज निघाल्यावर वेल्डिंगपाशी टाचणीएवढं भोक दिसलं, म्हणजे पहिला खर्च तिथंच. सिरॅमिकचा भाव हेडरच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. साध्या पोलादाच्या, वापरून पातळ झालेल्या नळीवर तेवढा खर्च करू नये असं मलाही वाटलं. शेवटी चंदेरी रंग. थिनरनं पुसल्यावर त्यानं कुणाला हात लावू दिला नाही, कारण बोटाचं तेलही डाग पाडतं. दोन दिवस अंगणात इंजिन चालू-बंद, चालू-बंद. शेजारी वैतागले. पहिल्यांदा थोडा धूर आला, तो राळेचाच.

मग पुन्हा घाट. या वेळी मीही बरोबर होतो. बॉनेटमधून काही निघालं नाही.

त्याच आठवड्यात मागचा सायलेन्सरचा डबा मात्र फुटला. एक लीटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत मागचा डबा पुरता तापतच नाही, ते पाणी आतच साचतं. बाहेरून त्यालाही भाच्यानं चंदेरी रंग मारला होता.