खाडीकाठचं शिसं

ठाणे-कल्याणच्या जमिनीत शिसं सापडत नाही. इथे आलं ते बाहेरून, बरंचसं समुद्रमार्गे. प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाच्या मते हिंदुस्थानात शिसं नाही, लोक रत्नं-मोती देऊन ते घेतात. राजस्थानातल्या खाणी त्याला ठाऊक नसाव्यात. कोकणापुरतं मात्र त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि गुजरातेतल्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील, शिसं आहे. कल्याणचा माल घाटावर नेणारा नाणेघाट ज्यांच्या ताब्यात होता, त्या सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली.

बंदुका आल्या आणि या धातूला वेगळीच किंमत आली. तोड्याच्या बंदुका हातघडणीच्या. प्रत्येकीच्या नळीचा व्यास वेगळा. त्यामुळे तयार गोळ्यांइतकंच कच्चं शिसं आणि बंदुकीच्या मापाचा साचा जवळ असावा लागे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याला लोहाराचा भाता लागत नाही, लाकडाची चूल पुरते. शिपाई छावणीतही गोळ्या ओतू शकत. अडचण होती ती शिसं मिळवण्याची. १६७३ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ८० तोफा आणि आपल्या सगळ्या बंदुकांना पुरेल इतकं शिसं घेतल्याचं इंग्रज इतिहासकार ऑर्म सांगतो. तोफांच्या बरोबरीने शिशाची नोंद व्हावी, यातच त्याची निकड दिसते.

बंदुकीच्या दारूचं तसं नव्हतं. ती आपल्याकडे बनत असे, पण कोकणच्या पावसात सर्दायची. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठा राज्यकारभारावरच्या ग्रंथात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, दारू वरचेवर उन्हात घालावी, अशी बारीक ताकीद आहे. शिशाला ऊन दाखवावं लागत नाही. शंभर वर्षं कोपऱ्यात पडलं तरी ते तेवढंच राहतं, आणि नेम चुकलेली गोळी मातीतून उकरली की पुन्हा साच्यात जाते. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा अर्धवट बांधलेला पोर्तुगीज किल्ला घेतला. पोर्तुगीजांचा वसईचा किल्ला पडायला मे १७३९ उजाडला. मधे दोन पावसाळे गेले. इतक्या लांबलेल्या मोहिमेत न बिघडणाऱ्या साठ्याचं मोल किती असेल, हे वेगळं सांगायला नको. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. त्यांच्या बंदुकांना ठरावीक मापाची गोळी लागे, एका पौंडात साधारण चौदा. मापं एकसारखी झाली आणि गोळी हळूहळू शिपायाच्या चुलीवरून कारखान्यात गेली.

आज परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. शिशाचा साठा मात्र याच पट्ट्यात पूर्वी कधी नव्हता इतका आहे: रिक्षा, ट्रक आणि घरोघरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, म्हणून भंगारवाला ती आनंदाने घेतो. ते शिसं वितळवून काढणाऱ्या परवानाधारक कारखान्यात धूर गाळण्याची सोय असते. चोरून चालणाऱ्या उघड्या भट्टीत ती नसते. तिथलं शिसं धुरातून, आम्लातून, कामगाराच्या कपड्यांवरून घरात पोचतं. जी चिवट टिकाऊ वृत्ती गडावर उपयोगी पडली, तीच इथे घात करते, कारण अंगणातल्या धुळीतलं शिसंही नाहीसं होत नाही. ते मुलांच्या रक्तात, मग हाडांत साठतं. रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० च्या युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला.

जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांची ती जबाबदारी आणखी कडक केली. तरी चार पैसे जास्त देणाऱ्या भंगारवाल्याकडे बॅटरी जाते, तेव्हा ती कुठल्या भट्टीत वितळणार हे विकणाऱ्याला कळत नाही. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी अशा भट्ट्यांच्या शेजारच्या वस्त्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासावं, आणि आकडे प्रभागवार जाहीर करावेत.