राऊटरचें मेज वापरतांना

घनसावंगी भागांतील जे बागायतदार घरचें बाभूळ-निंबाचें लांकूड घरींच घडवूं पाहतात, त्यांजकरितां हें लिहीत आहों. राऊटर हें खाच पाडणारें विजेचें यंत्र. तें मेजाखालीं उलटें बसविलें म्हणजे पातें वर डोकावतें व लांकूड हातानें सरकवावें लागतें. धोका येथेंच आहे.

वरून पाहतां पातें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें. म्हणून लांकूड पलीकडील पट्टीस टेकवून उजवीकडून डावीकडे न्यावें. दिशा चुकल्यास पातें लांकूड हिसकावतें व हात आंत ओढला जातो. पातें व पट्टी यांच्या फटींतून लांकूड कधींही घालूं नये. शेवटची वीतभर चाल ठोकळ्यानें ढकलावी, बोटांनीं नव्हे.

१२ मिलिमीटर खोल खाच एका दमांत पाडणें हा निव्वळ लोभ होय. ३ मिलिमीटरचे चार फेरे करावे. बाभळीसारख्या कठीण लांकडांत तर अवश्यच. पट्टी मेजाच्या कडेस समांतर असलीच पाहिजे असें नाहीं. पात्यापासूनचें अंतर तेवढें अचूक असावें, व तें टाकाऊ तुकड्यावर पाडून पाहावें. जुन्या वाड्याची तुळई असेल तर खिळे आधीं शोधावे.

आमच्याकडे वीज मध्येंच जाते. ती जातांच बटण बंद करावें. नाहीं तर ती परततांच पुष्कळ यंत्रें आपोआप सुरू होतात, आणि नेमका तेव्हांच कोणी पात्यावरील भुसा झाडीत असतो. पातें बदलतांना बटणावर न विसंबतां वायरच काढून ठेवावी. उपरणें खुंटीस, चष्मा डोळ्यांस.