पडद्याच्या दोन बाजूंची घरं

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थेटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच महिन्यात, 26 तारखेला, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅम्पबेलटाउन गावात 'पिक्चर हाऊस' हे थेटर सुरू झालं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण कोरोनेशन आता फक्त पुस्तकांत भेटतं, आणि पिक्चर हाऊस त्याच नावानं, त्याच जागी अजून खेळ लावतंय.

गाव पाच हजार वस्तीच्या आतलं. ग्लासगोहून खाड्या-डोंगरांना वळसे घेत सव्वादोनशे किलोमीटर गेलं की ते लागतं. एकोणिसाव्या शतकात इथे व्हिस्कीच्या वीसहून अधिक भट्ट्या धडधडत होत्या, शिवाय हेरिंग मासळीचा धंदा जोरात. त्या पैशाची ऊब उरलेली असतानाच बंदरासमोर 640 खुर्च्यांचं थेटर उभं राहिलं.

ते नेमकं त्याच सुमारास का उभं राहिलं, याचं एक कारण कायद्यात आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ठिणगी पडली की विझवणं मुश्कील. 1909 च्या ब्रिटिश कायद्यानं प्रोजेक्टरची खोली आगीपासून सुरक्षित हवी, असं बंधन घातलं. जत्रेतल्या तंबूंत किंवा भाड्याच्या सभागृहांत ते पाळणं जड, म्हणून खास सिनेमासाठीच इमारती बांधायची लाट आली. पिक्चर हाऊस त्या लाटेतलं. नकाशा काढला ग्लासगोच्या ए. व्ही. गार्डनर यांनी.

1930 च्या दशकात याच गार्डनरना पुन्हा बोलावणं गेलं आणि खरी गंमत तेव्हा झाली. अमेरिकेत जॉन एबरसन या वास्तुकारानं 1923 मध्ये ह्यूस्टनला एक वेगळंच थेटर सजवलं होतं: वर निळं छत, त्यात चांदण्यांसारखे दिवे, बाजूंना प्लास्टरचे वाडे. प्रेक्षकाला वाटावं, आपण एखाद्या गावच्या चौकात उघड्यावर बसलोय. गार्डनरनी ती कल्पना या छोट्या गावाला बेतून घेतली आणि पडद्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक घर उभं केलं. गावकरी त्यांना लाडानं 'वी हूसेस', म्हणजे छोटी घरं, म्हणतात. आपल्या तंबू थेटरांना चांदण्या फुकट मिळत होत्या, हा भाग वेगळा.

पुढची गोष्ट सगळीकडे तीच. टीव्ही आला, प्रेक्षक घरी बसला. बहुतेक भट्ट्या तर त्याआधीच एकेक करून विझल्या होत्या. 1980 च्या दशकात थेटर बंद पडलं, तेव्हा गावातल्याच लोकांच्या संस्थेनं ते विकत घेतलं, खुर्च्या 265 वर आणल्या आणि पुन्हा खेळ सुरू केले. गावाचं थेटरवर प्रेम होतंच, पण नुसत्या प्रेमानं थेटरं वाचली असती तर आपल्या तालुक्यातालुक्यातल्या टॉकीजही वाचल्या असत्या. माझ्या मते कॅम्पबेलटाउनला आडवळणानं तारलं. पिक्चर पाहायला दुसरीकडे जायचं तर अख्खा दिवस मोडणार, आणि जागेच्या भावावर डोळा ठेवून बसलेला बिल्डर एवढ्या लांब फिरकणार कशाला? पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थेटरच्या जागी आज गाड्या लागतात. आर्यनची जागा भर वस्तीतली होती.

मग डिजिटलचं संकट आलं. वितरकांनी रिळं पाठवणं थांबवलं. नवा प्रोजेक्टर नाही तर नवा सिनेमा नाही. त्यात इमारत शंभरी ओलांडून खिळखिळी झालेली. 2014 मध्ये दारं बंद झाली. लॉटरीच्या उत्पन्नातून वारसा जपायला मिळणारा निधी, इतर अनुदानं आणि गावकऱ्यांनी उभी केलेली रक्कम मिळून सुमारे 35 लाख पौंडांचं काम निघालं. प्लास्टरची घरं डागडुजी होऊन पुन्हा उभी राहिली, आणि डिसेंबर 2017 मध्ये थेटर उघडलं.

छायाचित्रं निघतात ती त्या घरांची. मला मात्र शेजारच्या नव्या बांधकामातला दुसरा, छोटा पडदा जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठा चित्रपट हवा असेल तर तो इतके दिवस, इतके खेळ चालवा, अशी वितरकांची अट असते. एकाच पडद्याच्या थेटरात मग गावानं तोच पिक्चर पाहायचा, नाहीतर घरी बसायचं. पडदे दोन झाले की एकीकडे पोरांसाठी कार्टून, दुसरीकडे म्हाताऱ्यांसाठी जुना सिनेमा लावता येतो, आणि तेवढ्याच डोअरकीपरांच्या पगारात तिकिटं दोन्हीकडची खपतात.