वाळवंटातील सहल : एका दिवसाला एकच ठिकाण

मुलगा किंवा मुलगी शिकून अमेरिकेत नोकरीला लागली आणि दोन-तीन वर्षांनी तिने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतले, ही गोष्ट आता आपल्या वस्त्यांतही नवलाईची राहिलेली नाही. ज्यांनी आयुष्यभर कारखान्यात, रेल्वेत, शाळेत किंवा शेतात कष्ट केले, ते आजी-आजोबा सहा महिने नातवंडांत राहून येतात. या मुक्कामात एक मोठी सहल ठरलेली असते. मुले ॲरिझोना, नेवाडा किंवा कॅलिफोर्नियात राहत असतील, तर ती सहल बहुधा नैऋत्य अमेरिकेच्या वाळवंटी मुलखातली असते. ग्रँड कॅन्यन दाखवायचेच, असा लेकरांचा हट्ट असतो.

रजा मिळते आठ दिवसांची. मग नकाशा पसरला जातो. ग्रँड कॅन्यनला जायचेच आहे, तर मॉन्युमेंट व्हॅली का सोडायची? तिथून झायन, ब्राइस, मग लास वेगास, आणि शेवटी डेथ व्हॅली. “आई-बाबा पुन्हा कधी येणार?” या एका प्रश्नापोटी यादी वाढत जाते. यादी प्रेमाने केलेली असते, यात शंका नाही. पण तिचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. तो पडतो गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या, आणि कधीही तक्रार न करणाऱ्या माणसांवर.

अंतराचा हिशेब

नकाशावर बोटभर दिसणारे अंतर तिकडे अर्ध्या दिवसाचे असते. फिनिक्स शहरापासून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे न थांबता साडेतीन-चार तास. लास वेगासहून तोच काठ सुमारे ४५० किलोमीटर. सर्वांत बोलके उदाहरण खुद्द ग्रँड कॅन्यनचे. दक्षिण काठावरून समोरचा उत्तर काठ सरळ रेषेत सुमारे १६ किलोमीटर आहे, नजरेच्या टप्प्यात आहे. पण मोटारीने तिथे जायचे तर सुमारे ३४५ किलोमीटरचा वळसा पडतो. मध्ये कोलोरॅडो नदीने कोरलेली सुमारे दीड किलोमीटर खोल दरी आहे. शिवाय २०२५ च्या जुलैतील वणव्यात उत्तर काठावरची जुनी निवासवास्तू जळून गेली. सहकुटुंब जाणाऱ्यांनी दक्षिण काठच धरावा. तो बारा महिने खुला असतो.

रस्ते उत्तम आहेत, पण दोन गावांमधले अंतर मोठे आहे. मैलोगणिक झाड नाही, दुकान नाही, फोनला संपर्क नाही. लहान मूल, दोन म्हातारी माणसे आणि जेवणाचे डबे घेऊन निघालेल्या गाडीला चार तासांचा रस्ता सहा तासांचा होतो. म्हणून रस्त्याचा दिवस हा रस्त्याचाच दिवस धरावा. त्या दिवशी मुक्कामी पोचून सूर्यास्त पाहिला तरी पुष्कळ झाले.

मागच्या सीटवरचे मौन

आपल्या घरांतील वयस्क बायका प्रवासात पाणी कमी पितात. हे कोणी बोलत नाही, पण प्रत्येक घराला ठाऊक आहे. एसटीच्या प्रवासात लागलेली ही सवय. गाडी थांबवायला कसे सांगायचे? जावई गाडी चालवतो आहे, सूनबाई घड्याळ पाहते आहे, पुढच्या ठिकाणी पोचायची वेळ ठरलेली आहे. मग ही बाई सकाळी अर्धा कप चहा घेते आणि दुपारपर्यंत “मला तहान नाही” म्हणते.

वाळवंटात ही सवय जिवावर बेतू शकते. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, येताक्षणी उडून जातो. मुंबई-कोकणच्या माणसाला वाटते, आपल्याला घाम आलाच नाही. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा उन्हाळा ओळखीचा वाटेल. पण तिथे तो दुपारी घरात काढायचा असतो, इथे आपण तो रस्त्यावर काढत असतो. २०२३ साली फिनिक्स शहरात ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश हे जगातील सर्वोच्च तापमान म्हणून आजही सांगितले जाते.

या प्रदेशात माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी गाडीत असावे, असा हिशेब धरतात. पण पाणी गाडीत असून उपयोग नाही, ते पोटात गेले पाहिजे. त्याला उपाय एकच : कोणी मागण्याची वाट न पाहता दर दीड तासाने गाडी थांबवायची. मुलांना लागली म्हणून नाही, आजीने सांगितले म्हणून नाही. थांबायचेच म्हणून थांबायचे. थांबणे बेतातच असेल, तर कोणालाही संकोच करावा लागत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट उंचीची. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. इतक्या उंचीवर पहिल्या दिवशी चार पावले चालूनही धाप लागते. पहिला दिवस रिकामा ठेवण्याचे हेही कारण आहे.

एक दिवस, एक ठिकाण

बेत आखताना एवढा एकच नियम पाळावा. दिवसाला एकच मुख्य गोष्ट ठरवावी. ती सकाळी उरकावी किंवा संध्याकाळी. दुपारी अकरा ते चार हा वेळ जेवणाचा, झोपेचा, पत्त्यांचा आणि गप्पांचा. ग्रँड कॅन्यनचे वनरक्षकही उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत दरीत चालू नका, असेच बजावतात. काठावरून नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत येऊ नये, अशीही त्यांची सूचना असते. उतरताना दरी सोपी वाटते, चढताना ती खरी कळते.

फिनिक्सहून निघणाऱ्या कुटुंबासाठी सात रात्रींचा एक नमुना देत आहोत. त्यात मुक्काम तीनच आहेत.

पहिल्या तीन रात्री ग्रँड कॅन्यनला. उद्यानातील निवास महिनोन्‌महिने आधी भरतात. ते न मिळाल्यास जवळच्या टुसायान गावी राहावे. एक सकाळ काठावरच्या फरसबंद सपाट वाटेवर. उद्यानाची बस फुकट असते; आजोबांनी बसने जावे, नातवंडांनी चालावे आणि पुढच्या थांब्यावर भेटावे. मुलांसाठी वनरक्षकांची एक वही मिळते. त्यातील प्रश्न सोडवले की बिल्ला देतात. आजोबांना विचारून नातीने ती वही भरावी, यात निम्मी सकाळ छान जाते. एक रात्र फक्त आकाशासाठी ठेवावी. २०१९ साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय काळोखी आकाश उद्यानाचा दर्जा मिळाला आहे. मुंबई-पुण्याच्या मुलांनी आकाशगंगा पाहिलेलीच नसते.

पुढच्या दोन रात्री केयेंटा किंवा मॉन्युमेंट व्हॅलीला. ग्रँड कॅन्यनहून अंतर सुमारे २९० किलोमीटर. तिथला सुमारे २७ किलोमीटरचा फेरा कच्च्या रस्त्याचा आहे, धक्के बसतात. ज्यांची कंबर दुखते त्यांनी स्वागतकेंद्राच्या गच्चीवर बसून समोरचे लाल सुळके पाहावेत. त्यांना काही कमी दिसत नाही.

शेवटच्या दोन रात्री पेज गावी, सुमारे १९५ किलोमीटरवर. एका सकाळी अँटेलोप कॅन्यन, एका संध्याकाळी नदीचे घोड्याच्या नालासारखे वळण. त्या वळणापर्यंत जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटर उघड्यावर चालावे लागते. अँटेलोपच्या खालच्या भागात उभे लोखंडी जिने आहेत. गुडघ्यांचा विचार करून निवड करावी. पेजहून फिनिक्सचा परतीचा रस्ता सुमारे ४४५ किलोमीटर, मध्ये फ्लॅगस्टाफला जेवण.

आणि सोडायची यादी : झायन, ब्राइस, लास वेगास, डेथ व्हॅली. हीही यादी कागदावर लिहावी आणि सर्वांना वाचून दाखवावी. सोडलेले आधीच ठरले की वाटेत वाद होत नाहीत. मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस सर्वांत बरे. शाळेच्या सुटीमुळे जून-जुलैच हाती असेल, तर उंचावरचे मुक्काम वाढवावेत, खालचे कमी करावेत.

घड्याळ आणि पाऊस

ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातील नवाहो प्रदेश मात्र करतो, आणि पेज गाव राज्याचेच घड्याळ पाळते. म्हणजे या सात रात्रींच्या प्रवासात मार्च ते नोव्हेंबर दरम्यान घड्याळ एकदा तास पुढे आणि एकदा मागे जाते. मिनिटामिनिटाचा बेत इथेच कोसळतो. आरक्षण करताना “वेळ कोणत्या घड्याळाची?” हे विचारून घ्यावे.

जुलै ते सप्टेंबर हा तिकडचा पावसाळा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटेलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ प्रवासी मृत्युमुखी पडले. पाऊस तिथे पडला नव्हता, काही मैल वर पडला होता. म्हणून वाटाड्याने “आज नाही” म्हटले, तर हुज्जत घालू नये. पैसे भरलेत, उद्या पुढचे आरक्षण आहे, अशी घाई ज्याच्या डोक्यावर असते तोच हुज्जत घालतो. हाती मोकळा अर्धा दिवस असला, तर नकार सहज पचतो.

ज्यांची भूमी, त्यांचे पाहुणे

या मुलखाला रिकामे वाळवंट समजणे चूक आहे. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यन ही नवाहो लोकांची भूमी आहे. ते स्वतःला दिने म्हणवतात. १८६४ साली अमेरिकी सैन्याने त्यांना शेकडो मैल पायी हाकलत नेऊन न्यू मेक्सिकोत डांबले. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले १९२४ साली, आणि ॲरिझोनात मतदानाचा हक्क १९४८ साली. ग्रँड कॅन्यनच्या पोटात हवासुपाई लोकांची वस्ती आणि शेती होती. उद्यान झाल्यावर १९२८ साली त्यांच्या शेवटच्या रहिवाशाला तिथून बाहेर काढण्यात आले. त्या जागेला २०२२ साली ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव देण्यात आले.

हे मुलांना तिथेच, त्या जागी उभे राहून सांगावे. हे सांगायला आणि ऐकायला निवांत वेळ लागतो. फोटो काढण्यापूर्वी माणसांना विचारावे. नवाहो प्रदेशात दारूला बंदी आहे, ती पाळावी. दागिना किंवा घोंगडी घ्यायची तर विणणाऱ्या, घडवणाऱ्या हातांकडून घ्यावी. या प्रदेशातील अनेक घरांत आजही नळाचे पाणी नाही. आपल्या गाडीतील पाण्याचा एकेक घोट तेव्हा वेगळा लागतो.

सोबत काय असावे

औषधांची पिशवी डिकीत ठेवू नये, हाताशी असावी. पासपोर्ट जवळ असावेत. आई-वडिलांचा आरोग्य विमा आधीच उतरवावा. टाकी निम्मी झाली की पेट्रोल भरावे. फोनचा भरवसा न धरता कागदी नकाशा ठेवावा. बर्फाच्या पेटीत दही-काकडी, डब्यात चपात्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. आजोबांना बाहेरचे खाणे सोसत नाही, आणि वाटेत हॉटेलही लवकर लागत नाही. दिवसा टोपी, रात्री स्वेटर. दोन्ही एकाच दिवशी लागतात. खर्चाचेही पाहावे. २०२६ च्या सुरुवातीपासून ग्रँड कॅन्यनसारख्या गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यांना जादा शुल्क लागू झाले आहे. मॉन्युमेंट व्हॅलीचे तिकीट नवाहो प्रशासनाचे, वेगळे असते. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत.

बेत ठरवताना आई-वडिलांना समोर बसवावे. “तुम्हाला काय पाहायचे?” असे विचारले तर “तुम्ही न्याल तिथे” हेच उत्तर येते. त्याऐवजी “किती वेळ बसवते? किती पायऱ्या चढवतात? दुपारी पडायला लागते का?” असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे खरी मिळतात, आणि त्यांतूनच बेत तयार होतो. पाच ठिकाणे राहिली तरी दरी जागची हलत नाही. घरातली चारही माणसे संध्याकाळी एका बाकावर बसून दरीचे रंग बदलताना पाहत असतील आणि कोणी घड्याळाकडे पाहत नसेल, तर सहल कारणी लागली असे समजावे.