'बोर्ड गेला' म्हणजे नेमके काय गेले?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

बंद पडलेला लॅपटॉप दुकानात नेला की पुष्कळदा दहाच मिनिटांत निकाल लागतो : 'बोर्ड गेला.' हे दोन शब्द ऐकल्यावर पुढे काय विचारावे हेच सुचत नाही. नवा बोर्ड टाकायचा तर लॅपटॉपच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च जाऊ शकतो. 'त्यापेक्षा नवीनच घ्या' असा सल्लाही लगेच मिळतो. आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांच्या घरी लॅपटॉप ही हौसेची वस्तू नाही. कुणी तो शिष्यवृत्तीचे पैसे साठवून घेतलेला असतो, कुणी हप्त्यांवर, तर कुणाला मामाने स्वतः वापरून झाल्यावर दिलेला असतो. म्हणून 'बोर्ड गेला' म्हणजे त्यातले नेमके काय गेले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्याचे उत्तर समजून घेणेही वाटते तितके अवघड नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. गेली दोन वर्षे मी रोज संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. माझी फी त्यातून भागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे ही विद्या मला पुस्तकातून मिळालेली नाही. दुकानाच्या मालकांना आम्ही सारे वस्ताद म्हणतो. जे काही येते ते त्यांच्या हाताखाली शिकलो.

लॅपटॉपच्या आत जी हिरवी, निळी किंवा काळी पाटी असते तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक सुटे भाग डाखाने बसविलेले असतात. काही खसखशीच्या दाण्याएवढे, तर काही चौकोनी बिस्किटाएवढे. हा पसारा पाहून प्रथम छाती दडपते. पण शेतकऱ्याच्या पोराला त्यात एक ओळखीची गोष्ट दिसते, ती म्हणजे पाटाचे पाणी.

कालव्याचे पाणी चारीत येते, चारीतून पाटात, पाटातून दारे मोडत मोडत एकेका वाफ्यात. बोर्डावरही तसेच आहे. नेहमीच्या चार्जरमधून साधारण १९ व्होल्टचा दाब येतो. (नव्या टाइप-सी चार्जरमधून आधी ५ व्होल्ट येतात आणि बोर्डाने 'ओळख' पटवून दिल्यावर ते २० व्होल्टपर्यंत वाढतात.) बोर्डाच्या तोंडाशीच मॉस्फेट नावाचे दोन भाग असतात, ते या पाटाचे पहिले दार. चार्जर योग्य आहे अशी खात्री पटल्यावरच ते उघडते आणि १९ व्होल्ट मुख्य पाटात शिरतात. मात्र प्रत्येक वाफ्याला एवढा दाब सोसत नाही. म्हणून ठिकठिकाणी दाब उतरविणारी मंडले असतात. प्रत्येकात दोन मॉस्फेट, तारेचे एक वेटोळे म्हणजे कॉइल आणि काही कॅपॅसिटर. कुठे ५ व्होल्ट तयार होतात, कुठे ३.३, डीडीआर-४ जातीच्या मेमरीसाठी १.२, आणि प्रोसेसरसाठी सुमारे १ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी.

या सर्वांना ठरलेला क्रम आहे. चार्जर लावताच, बटण दाबण्यापूर्वीच, बहुतेक बोर्डांवर ३.३ आणि ५ व्होल्ट तयार होतात. त्यावर ईसी नावाची एक लहान चिप जागी असते. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरीच म्हणा ना! आपण बटण दाबले की ती पुढे वर्दी देते. मग एकामागून एक दाब तयार होतात, प्रोसेसरला आपला दाब मिळतो, 'सर्व ठीक' असा संकेत फिरतो आणि प्रोसेसर बायोस नावाच्या आठ पायांच्या चिपमधून आपला पहिला धडा वाचू लागतो. पडद्यावर अक्षर उमटते ते त्यानंतर.

आता निदानाचे सूत्र लक्षात येईल. ही साखळी जिथे तुटली आहे तिथे जाऊन थांबायचे. विहिरीवरची मोटार चालेनाशी झाली तर माझे वडील आधी मोटार उपसायला घेत नाहीत. ते पेटीपाशी जाऊन टेस्टर लावतात. तिन्ही फेज आल्या का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर ओढतो का, मग केबल, आणि मोटार सगळ्यात शेवटी. वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिल याच्या पद्धती शिकविल्या, तेव्हा व्यतिरेक पद्धतीपाशी मला वडिलांची ती पेटी आठवली. एकच गोष्ट बदलायची, बाकी साऱ्या तशाच ठेवायच्या आणि परिणाम पाहायचा. मिलने हे १८४३ साली ग्रंथात मांडले. आमच्या शिवारात ते टेस्टर घेऊन चालते, इतकाच फरक.

आमच्या दुकानात बोर्ड आला की पहिले काम हत्याराचे नसून प्रश्नांचे असते. बंद कसा पडला? चालता चालता की चार्जर लावताना? चहा, पाणी काही सांडले का? आधी कुणी उघडला होता का? दुसरे काम डोळ्यांचे. भिंगाखाली काळा डाग, हिरवट बुरशीसारखा गंज, तडकलेला भाग शोधायचा. तिसरे काम मल्टिमीटरचे, आणि तेही चार्जर व बॅटरी काढून ठेवून. प्रत्येक मुख्य पाटाचा रोध जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तुलनेत मोजायचा. १९ व्होल्टच्या पाटावर तो भरपूर हवा. तो शून्याजवळ आला तर पाट फुटला आहे असे समजावे. सारे पाणी त्या भगदाडातून जमिनीत जाते, पुढे थेंब पोचत नाही. यालाच शॉर्ट म्हणतात. येथे नवशिक्याची एक फसगत होते. प्रोसेसरच्या कॉइलवर रोध मुळातच फार कमी, काही ओहम किंवा त्याखालीही असतो. तो शॉर्ट समजून चांगला बोर्ड भंगारात जाऊ शकतो.

शॉर्ट नसेल तर बोर्ड डीसी सप्लायवर लावून करंटचा आकडा वाचायचा. आकडा हललाच नाही तर वाट दारापाशीच बंद आहे. थोडासा करंट घेऊन बोर्ड बटणाला दाद देत नसेल तर पहारेकऱ्यापर्यंत पोचलो, पण पुढची साखळी तुटली आहे. आकडा चढून खालीवर होऊ लागला आणि तरीही पडदा काळाच राहिला, तर मेमरी, पडदा किंवा बायोस यांच्याकडे वळायचे. बायोसमधील मजकूर बिघडला असेल तर प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने तो पुन्हा लिहिता येतो. त्या वेळी बोर्डावरचा एकही भाग 'गेलेला' नसतो!

शॉर्ट असेल तर खरी कसोटी लागते. एका पाटावर वीस-तीस कॅपॅसिटर शेजारी शेजारी जोडलेले असतात. त्यांतला एक शॉर्ट झाला तर मीटर सर्वांवर शून्यच दाखवितो. मग गुन्हेगार कोणता? हा कॅपॅसिटर म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाचे आणि धातूचे अतिशय पातळ थर, एकावर एक रचलेले. बोर्ड वाकला किंवा फार तापला की त्याला तडा जातो, धातूचे थर एकमेकांना चिकटतात आणि पाटाला भगदाड पडते. ते शोधण्याची युक्ती अशी : त्या पाटावर बाहेरून फक्त १ व्होल्ट सोडायचा. त्या पाटाच्या नेहमीच्या दाबापेक्षा अधिक कधीही सोडायचा नाही. १ व्होल्टला ४ अँपिअर करंट वाहिला तर ४ वॅट उष्णता होते, आणि तिचा मोठा वाटा दाण्याएवढ्या त्या भागात एकवटतो. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडलेले असले तर त्या भागावरचे ते सर्वांआधी वाळते. पाट नेमका कुठे झिरपतो हे पाहायला शेतकरी थोडेच पाणी सोडून माती कुठे ओली होते ते बघतो, तसेच हे.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीचे वडील तिचा लॅपटॉप घेऊन आले. रिक्षा चालवून त्यांनी तो हप्त्यावर घेतला होता आणि पाच हप्ते अजून बाकी होते. दुसरीकडे त्यांना 'बोर्ड गेला' असे सांगितलेले. "दादा, पोरीचा प्रकल्प यातच आहे. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे," एवढेच ते म्हणाले. वस्तादांनी मीटर माझ्या हाती दिला. १९ व्होल्टचा पाट शॉर्ट होता. प्रोसेसरच्या मॉस्फेटजवळचा एक कॅपॅसिटर अल्कोहोलखाली सर्वांआधी कोरडा झाला. तो काढताच रोध पूर्ववत आला. त्याच मापाचा दुसरा बसविला, बटण दाबले आणि पंखा फिरला. त्या भागाची किंमत दहा रुपयांच्या आत होती.

पण सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत, आणि हेही सांगितले पाहिजे. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका बोर्डावर प्रोसेसरला दाब पुरविणारा वरचा मॉस्फेट आरपार शॉर्ट झाला होता. दारच मोडून पडल्यावर काय होणार? १ व्होल्टच्या वाफ्यात १९ व्होल्टचा लोंढा शिरला आणि प्रोसेसर कायमचा गेला. तो बोर्डातच बसविलेला होता. तिथे 'बोर्ड गेला' हे खरे होते, पण ते मोजून सांगितले गेले. आणि बोर्ड गेला म्हणजे आपले लेखन गेले असेही नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये माहितीची एसएसडी वेगळी काढता येते. त्या गृहस्थांच्या साऱ्या फायली आम्ही दुसऱ्या यंत्रावर काढून दिल्या. काही फार पातळ लॅपटॉपमध्ये मात्र ती बोर्डालाच जडविलेली असते. म्हणून महत्त्वाच्या लेखनाची दुसरी प्रत ठेवावी हे बरे.

निदान न करता केलेल्या दुरुस्तीचा एक प्रकार सर्वत्र चालतो, त्याला 'हीट मारणे' म्हणतात. मोठ्या चिपवर गरम हवा सोडायची, लॅपटॉप चालू झाला की पैसे घ्यायचे. मौज अशी की तो खरोखरच चालू होतो, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा बंद पडतो. यामागचे एक कारण प्रसिद्ध आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक चिपांच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दोष चिपच्या स्वतःच्या बांधणीतच होता. आतला सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची छोटी पाटी यांच्यातील सूक्ष्म सांधे कमकुवत होते. बाहेरून उष्णता दिली की तडा गेलेले सांधे तात्पुरते टेकतात, पण तडा राहतोच. मोडलेल्या हाडावर नुसता शेक देण्यासारखे आहे हे.

दुरुस्ती करणाऱ्यांचीही एक बाजू आहे. पाट कुठून कुठे जातो याचा नकाशा, म्हणजे स्केमॅटिक, हाती असेल तर निदान तासाभरात होते, नसेल तर दिवस जातो. पुष्कळ कंपन्या हे नकाशे आमच्यासारख्या दुकानांना देत नाहीत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची उपकरणे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही तिची क्षेत्रे. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले आहेत. नियम कचऱ्याची विल्हेवाट सांगतात, परंतु दहा रुपयांच्या भागासाठी संपूर्ण यंत्राचा कचरा होऊच नये, हे कुणाच्या तरी हातातील मीटरवर अवलंबून आहे.

विद्यार्थी मित्रांना शेवटी तीन विनंत्या. लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडले तर चार्जर त्याच क्षणी काढा, बटण दाबून धरून तो बंद करा आणि 'चालतो का' म्हणून पुन्हा सुरू करून पाहू नका. ओल्या बोर्डात वीज असली की गंज झपाट्याने चढतो. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतला गंज निघत नाही, बोर्ड उघडून साफच करावा लागतो. दुसरे, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलू नका, बोर्ड वाकतो. आणि तिसरे, कुणी 'बोर्ड गेला' म्हटले की नम्रपणे विचारा, "कोणता पाट शॉर्ट आहे? मोजला का?" ज्याने मोजले असेल तो आनंदाने दाखवील. ज्याने मोजले नसेल त्याच्याकडून लॅपटॉप परत घेऊन दुसरे दुकान गाठावे.

वर्गात मला कधी कधी विचारतात, 'बी.ए. करतोस तर हे कशाला, आणि हे करतोस तर बी.ए. कशाला?' तर्कशास्त्राचा तास आणि संध्याकाळचे दुकान यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. पुराव्याशिवाय निकाल देऊ नये, हे दोन्हीकडे शिकवतात.