टेलपर्यंत न पोचणारं रक्त

बाजार समितीत कापूस विकून आलेला सत्तरीतला शेतकरी काटापट्टी हातात घेऊन बसतो. आजचा भाव त्याला पाठ आहे, एकाधिकार खरेदीच्या काळातल्या बैलगाड्यांच्या रांगाही आठवतात. पण हमाली-तोलाई वजा जाता हाती किती आले, हा एकेकाळी तोंडी होणारा हिशेब आता काही केल्या जुळत नाही. चालही मंदावली आहे, पाऊल आखूड पडतं. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत यावर उत्तर ठरलेलं असतं : "वय झालं त्याईचं."

इतक्यावर विषय मिटवणं मला धोक्याचं वाटतं. अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. या शेतकऱ्यासारख्यांच्या आठवणी बऱ्याच शाबूत राहतात. विचाराचा वेग, आखणी आणि हिशेब आधी ढासळतात. रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः जमतात, म्हणून याला स्मृतिभ्रंश म्हणत नाहीत. ही त्याच्या अलीकडची, सौम्य बोधक्षीणतेची पायरी. मेंदूला वर्षानुवर्षं कमी पडणारं रक्त हे तिचं एक मोठं कारण आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण पाऊण लिटर, त्याला लागतं. मेंदूच्या खोल भागात निरोप वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जुड्या असतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब, अगदी बारीक, आणि एक अडली तर दुसरीकडून रक्त मिळण्याची सोय फारशी नाही. काटेपूर्णेच्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेताचं जे होतं, तेच इथे होतं : वर पाणी कमी पडलं की आधी सुकतं ते टेलचं. बीपी सतत चढं राहिलं की या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात. लकवा मारत नाही, तोंड वाकडं होत नाही. एमआरआयवर पांढरे डाग मात्र दिसू लागतात.

तपासणीत डॉक्टर कोरा कागद देऊन घड्याळ काढायला सांगतात, अकरा वाजून दहा मिनिटांचं. आकडे नीट मांडले जातात. पण मिनिटकाटा २ वर न जाता थेट १० वर जातो. 'दहा' ऐकलं आणि हात १० कडे ओढला गेला. ही ओढ आवरणारी यंत्रणा थकलेली असते.

बीपी आवरलं तर हे टळतं का? अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत ५० वर्षांवरील ९,३६१ रक्तदाबाचे रुग्ण होते. वरचा बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य ज्या गटाला दिलं, त्यात अशा सौम्य क्षीणतेचा धोका १९ टक्क्यांनी कमी निघाला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. स्मृतिभ्रंशही घटतो, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. शिवाय मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले लोक त्या चाचणीत नव्हतेच.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट आहे, खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत भूजलच खारट. मिठाने बीपी वाढतं, हे पक्कं आहे. पण बांगलादेशच्या किनारपट्टीवरच्या अभ्यासांत पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे चित्र उलटंही दिसलं. म्हणून सारा दोष विहिरीला देऊन लोणचं, पापड आणि खर्रा मोकळे सोडता येणार नाहीत. पट्ट्यातल्या प्रत्येक घरात तिशीपासून बीपी मोजलं जावं, असं मला कळकळीने वाटतं. उपकेंद्रात ते फुकट होतं. अमरावतीचं इर्विन आणि अकोल्याचं सर्वोपचार ही रुग्णालयं तर आहेतच. विसराळूपणा दिसला तर सोबत बी-१२, थायरॉईड आणि साखरही तपासून घ्यावी. ही कारणं वेळेत सापडली तर दुरुस्त होतात.

आणि उन्हाळ्यात जास्त सांभाळायचं. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला की शरीरातलं पाणी आटतं आणि हिवाळ्यात लागू पडलेली गोळी मे महिन्यात बीपी फार खाली नेऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला उठताना अंधारी येत असेल, तर बीपी बसून मोजावं आणि उभं राहिल्यावर पुन्हा मोजावं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवावेत.